टपालवाल्याचा डावा खांदा

त्या गल्लीत कोट शिवणारे मास्तर एकच, आणि त्यांना सगळे बुधवार मास्तर म्हणत. कापड घेऊन कोणीही या, मास्तर चष्म्यावरून बघणार आणि म्हणणार, "बुधवारी या." कुठल्या बुधवारी ते विचारायची सोय नव्हती. एका वकिलाचा कोट झाला तोवर त्याचं पोट सुटलं आणि बटण लागेना. भांडायला आला, तर मास्तर शांतपणे म्हणाले, "कोट आहे तिथेच आहे, तुम्ही पुढे गेलात."

पण हात सोन्याचा. जुन्या पद्धतीचं काम: आधी पांढऱ्या कच्च्या धाग्याने लांब टाके घालायचे, माणसाच्या अंगावर चढवून बघायचं, मग उसवून पक्कं शिवायचं. कोट असा बसायचा की माणूस आरशासमोरून हलत नसे.

त्यांच्याकडे एकदा निवृत्त टपालवाले आले. काखेत जाडसर राखाडी वूलन, माशाच्या काट्यासारख्या विणीचं, तीस वर्षं ट्रंकेत जपलेलं.

"सगळा जन्म खाकीत गेला, मास्तर. एक कोट माझा स्वतःचा शिवा."

मास्तरांनी माप घेतलं. पिशवी वाहून वाहून डावा खांदा अर्धं बोट खाली गेला होता.

"आत कापूस भरून सरळ दाखवू?"

"नको हो. माझाच आहे तो, राहू द्या."

मग दर बुधवारी चारच्या सुमाराला टपालवाले यायचे, दाराजवळच्या वेताच्या स्टुलावर बसायचे, अर्धा कप चहा घ्यायचे, इकडच्या तिकडच्या गप्पा मारून जायचे. कच्चा कोट लाकडी पुतळ्यावर तसाच. असे पाच महिने गेले. एका बुधवारी ते आले नाहीत. गुरुवारी बातमी आली, झोपेतच गेले म्हणून.

त्यानंतर मास्तरांच्या हाताला काय झालं कोण जाणे. बँकेतल्या साहेबांचा कोट डाव्या खांद्यावर खाली उतरला. मास्तर म्हणाले, साहेब उभेच वाकडे राहतात. मग हेडमास्तरांचा उतरला. तिसरा एका पैलवानाचा, ज्याचे खांदे तराजूच्या दांडीसारखे सरळ. टेप बरोबर, खडू बरोबर, पण अंगावर चढवला की अर्धं बोट खाली. पिशवी अडकवल्यासारखा.

काज करायला बसलेल्या बायकोने तो कोट हातात घेतला आणि सुई खाली ठेवली.

"अहो, हा तर टपालवाल्या भाऊजींचा खांदा."

"काहीतरीच बोलू नकोस."

बोलले खरे, पण नजर दाराजवळच्या स्टुलाकडे गेली. कारण बुधवारी चार वाजता ते स्टूल कुरकुरायचं. उन्हाने वेत ताणला जातो, असं मास्तर मनाला समजावत. पण ढगाळ दिवशीही ते कुरकुरायचं.

आणि नेमकं मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. जावयाचा कोट स्वतःच्या हाताने शिवायचा शब्द मास्तरांनी चारचौघांत दिला होता. निळं कापड, एकच तुकडा, चुकलं तर दुसरा मिळणार नाही. मास्तर कात्री उचलायचे आणि ठेवायचे.

"कापड बेतत का नाही?" बायको म्हणाली.

"जावई वाकडा दिसला तर लोक हसतील. म्हणतील, सासऱ्याने पहिल्याच दिवशी ओझं घातलं."

"मग आधी त्यांचा कोट पुरा करा."

"आणि घालणार कोण?"

"ते तुम्ही नका बघू. तुमचं काम शिवायचं."

चार दिवस मास्तर दुसऱ्या कशाला शिवले नाहीत. पाचव्या दिवशी कोट कागदात गुंडाळून टपालवाल्यांच्या घरी गेले. टपालवाल्यांच्या बायकोने, वहिनींनी, हात पुसले, कोट खिडकीपाशी नेला, उलटसुलट करून बघितला.

"हे खालचं बटण सैल आहे."

त्यांनीच सुई दिली. मास्तरांनी उंबऱ्यावर बसून बटण घट्ट केलं आणि मान वर न करता म्हणाले, "वहिनी, बावीस बुधवार मी त्यांना नुसतं फिरवलं."

"तुम्ही मोजलेत? त्यांनी नाही मोजले." वहिनी खाली बसल्या. "बुधवारी दाढी करून निघायचे. मी म्हटलं, मास्तरांना जरा खडसावा. तर मला म्हणाले, गप्प बस, उगाच शिवून टाकतील."

मास्तरांना हसू आलं आणि त्यांनी सुई वहिनींच्या हातात परत दिली. वहिनींनी कोट खुंटीला लावला. तिथे तो डावीकडे जरासा झुकून राहिला, आत कोणी शिरल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी निळ्या कापडावर कात्री चालली. जावई कच्चा कोट घालून उभा राहिला, तर दोन्ही खांदे एका रेषेत. बायकोने तीनदा ताडून बघितलं.

"सुटलात," ती म्हणाली.

मास्तरांचा हात मात्र जावयाच्या डाव्या खांद्यावरच राहिला. तिथे काही नव्हतं.

"काही कमी पडतंय का?" जावयाने विचारलं.

"नाही. काढा आता. आजच पुरा करतो."

आणि केला. तेव्हापासून त्या दुकानात बोललेल्या दिवशी कोट मिळू लागला. लोक येतात, घेतात, जातात, बसत कोणी नाही. टपालवाल्यांच्या घरावरून जाताना मास्तर आताशा मान खाली घालतात. मध्यंतरी एकदा खिडकीतून बघितलं होतं, तर खुंटी रिकामी. वहिनींनी कोणाला दिला असेल, उन्हात टाकला असेल. मास्तर विचारायला थांबले नाहीत.