हुलग्यावरून सायकल

दौंडकडचा भीमेकाठचा रस्ता सपाट आहे आणि सकाळी अगदी रिकामा असतो, म्हणून मी तिथं सायकल चालवतो. आणि नेमकं म्हणूनच तिथले एक आप्पा त्यावर हुलगा पसरतात. चाकांखाली शेंगा फुटाव्यात म्हणून लोक रस्त्यावर पीक टाकतात, हे मलाही ठाऊक आहे. पण जिथं गाडीच येत नाही, तिथं?

विचारलं, तर म्हणाले, "हायवेला ट्रक पार भुगा करत्यात. तुमची सायकल बेस हाय. जावा मधनं."

रोज तेच. मी उतरून कडेच्या मातीतनं निघालो की हे गमछा हलवत ओरडणार, "मधनं, मधनं!"

परवा कंटाळून गेलो मधनं, आणि घसरून आपटलो. गुडघा सोलला. "रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का?" मी ओरडलो.

आज पाहतो, तर कडेनं सायकलपुरती पट्टी लख्ख झाडलेली, आणि आप्पा खराटा घेऊन उभे. माझा राग निवला. मी पट्टीवरून पार झालो, तोच मागून हाक आली,

"गुडघा बरा हुईस्तवर हितनंच जावा. मग हाईच मधनं!"