जप्त केलेलं अंडं

साताऱ्याच्या एका मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका वर्षी दिवाळीआधीच्या सत्रात आठवीच्या वर्गात एक नवीन खूळ शिरलं. अंड्याच्या आकाराचं प्लास्टिकचं खेळणं, वर किल्ल्या अडकवायची साखळी, मध्ये पोस्टाच्या तिकिटाएवढा राखाडी पडदा आणि खाली बटणं. पडद्यावर काळ्या ठिपक्यांचा एक प्राणी हलायचा. ते मांजर होतं, कोंबडी होती की भूत, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याला भूक लागली की खेळणं टीं टीं वाजायचं. मग बटण दाबून त्याला खाऊ घालायचं, घाण केली की दुसरं बटण दाबून ती काढायची, आजारी पडलं की सुई द्यायची, झोपलं की दिवा मालवायचा. हयगय झाली की ते मरायचं.

कुणाचा काका मुंबईहून असलं अंडं घेऊन आला, कुणाचा मामा पुण्याहून. थोड्याच दिवसांत राजवाड्यापाशी हातगाडीवरही त्याच्या नकला मिळू लागल्या. मधल्या सुट्टीत मुली घोळका करून एकमेकींच्या प्राण्यांची खुशाली विचारत. एकीचं मेलं तर ती दिवसभर रडली आणि मैत्रिणींनी तिला डब्यातलं खाऊ घातलं. याच मुलींच्या घरी गोठे होते. म्हैस व्याली तर या नाकाला ओढणी लावून लांबून जायच्या. त्यांना आता शी काढण्यात माया दिसू लागली होती, कारण या शीला वास नव्हता.

मुलींचं मी समजू शकत होते. तेरा-चौदा वर्षांच्या वयात काहीतरी खूळ लागतंच. पण त्या वर्षी मी जे पाहिलं ते मुलींचं नव्हतं.

आमच्याकडे गणिताला एक सर होते. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. बायको आणि म्हातारी आई सांगलीत, हे साताऱ्यात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की एसटीने सांगलीला जायचे. मुलींना ते नावाने हाक मारत नसत. हजेरीतल्या नंबराने मारत. उत्तर चुकलं की हात पालथा करायला लावून बोटांच्या पेरांवर उभी पट्टी मारत. निकाल चांगला लागायचा म्हणून त्यांना कुणी काही बोलत नसे. पालक तर त्यांचा वर्ग मिळावा म्हणून मोठ्या बाईंकडे शब्द टाकत.

त्यांच्याच तासाला एक अंडं वाजलं. ते एका ठेकेदाराच्या मुलीचं होतं. सरांनी ते काढून घेतलं, तिच्या पेरांवर पट्टी मारली आणि मधल्या सुट्टीत शिक्षक-खोलीत येऊन ते आपल्या खणात टाकलं. "सत्र संपल्यावर बापाला घेऊन ये म्हटलंय," ते म्हणाले.

खणातून ते वाजत राहिलं. चहा चालू होता. सरांनी खण उघडला, ते हातात घेतलं आणि चाळिशी कपाळावर ढकलून पाहिलं.

"याला काय हवंय म्हणे?" त्यांनी विचारलं.

"भूक लागली असेल," पलीकडच्या भूगोलाच्या बाई म्हणाल्या. त्यांच्या घरी मुलाकडे तसंच एक होतं. त्यांनी बटण दाखवलं. सरांनी दाबलं. पडद्यावर त्या ठिपक्याने तोंडाची उघडझाप केली आणि सर हसले. मी त्यांच्याबरोबर बरीच वर्षं काम करत होते, पण त्यांचे वरचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

नंतर ते अंडं खणात राहिलंच नाही. आधी ते टेबलावर आलं, मग शर्टाच्या खिशात. तास संपला की सर वऱ्हांड्यातच ते काढून बघत. त्याला त्यांनी नावही ठेवलं. ते मी इथे लिहीत नाही. लाडाचं, घरात पहिल्या नातवाला ठेवतात तसलं नाव होतं. नंबराने मुली ओळखणारा माणूस ठिपक्याला लाडाने हाक मारत होता. शिक्षक-खोलीत याचं मोठं कौतुक झालं. "सरांच्या आत केवढा ओलावा आहे, आपल्याला कळलंच नाही," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. चित्रकलेच्या सरांचं म्हणणं असं, की अशा खेळाने माणूस मऊ होतो, जबाबदारी शिकतो, शाळेनेच हे घेऊन द्यायला हवेत. मी वह्या तपासत होते. मी मान वर केली नाही.

आठवीत एक मुलगी माण तालुक्यातून आलेली होती. तिकडे पाऊस कमी, बाप मेंढरं घेऊन फिरतीवर, म्हणून ही साताऱ्यात वसतिगृहात राहायची. बोलणं गावाकडचं, त्यामुळे वर्गात ती फारसं तोंड उघडत नसे. माझ्या तासाला मात्र ती मनापासून वाचायची आणि अडलं तर विचारायची. त्या आठवड्यात ती मला सुकलेली दिसली. मी विचारलं तर म्हणाली, "काय न्हाई बाई, जरा कणकण हाय." मी तिला वसतिगृहाच्या बाईंना सांगायला सांगितलं. तिने सांगितलं होतं. त्यांनी एक गोळी दिली होती.

दुसऱ्या दिवशी माझा तास शेजारच्या वर्गात होता. मध्येच पलीकडून बाक सरकल्याचा आणि काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी धावत गेले. ती मुलगी बाकाच्या आणि भिंतीच्या मध्ये पडली होती. कपाळाला खोक पडली होती, अंग तव्यासारखं तापलं होतं. मुली उभ्या राहून बघत होत्या. सर फळ्यापाशी होते. त्यांच्या एका हातात खडू होता आणि दुसऱ्या हातात ते अंडं.

"नाटकं करते," ते म्हणाले. "गृहपाठ केला नसेल."

मी तिला उचललं. एका मुलीने पाय धरले. आम्ही तिला रिक्षात घातलं आणि जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेत तिला शुद्ध आली. मी विचारलं, "अगं, एवढा ताप होता तर सांगायचं नाही का?"

"म्या हात वर केलता, बाई," ती म्हणाली. "सर म्हनले, नंबर अमुक, बस खाली. मग परत केला. तवा त्यांचं ते वाजलं, त्यांनी बगितलंच न्हाई."

विषमज्वर निघाला. बापाला निरोप धाडला. तो मेंढरं दुसऱ्यावर सोपवून मिळेल त्या गाडीने आला आणि तिला घरी घेऊन गेला.

मी त्याच दुपारी शिक्षक-खोलीत सरांसमोर उभी राहिले. मी आवाज चढवला नाही. मी म्हटलं, "सर, तिने दोनदा हात वर केला होता."

"शंका विचारायला केला असेल, असं वाटलं."

"मग शंका तरी ऐकायची."

 ते खिशावर बोटं ठेवून म्हणाले, "हे बघा बाई, मुलींनी स्पष्ट सांगायला हवं. या बिचाऱ्याला काही झालं तर ते लगेच सांगतं. काय होतंय तेसुद्धा कळतं. माणसांचं काय ओळखायचं?"

हे वाक्य मी अजून विसरले नाही. ते त्यांनी माफी म्हणून म्हटलं नव्हतं, गणिताचं उत्तर सांगावं तसं म्हटलं होतं. आणि त्यांची माया नेमकी किती खोल आहे, हे मला तेव्हा कळलं. बटण दाबलं की प्राणी हसतो. एवढ्यावर कुणालाही प्रेमळ होता येतं. मी मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी सरांना बोलावून समज दिली असं मला सांगितलं. काय समज दिली कोण जाणे, पट्टी होती तिथेच राहिली.

सत्र संपलं. ठेकेदार आपल्या मुलीला घेऊन वस्तू परत न्यायला आले. सरांना ते अंडं द्यायचं नव्हतं. आधी त्यांनी शिस्तीवर लांबलचक भाषण केलं. मग म्हणाले, "अभ्यासाचं वर्ष आहे, माझ्याकडेच राहू दे." ठेकेदारांनी मुलीकडे पाहिलं. ती हात पुढे करून उभी होती. शेवटी सरांनी खिशातून काढून दिलं आणि म्हणाले, "दुपारी याला झोप लागते. तेव्हा दिवा बंद करत जा."

मुलीने पडद्याकडे पाहिलं. "हे माझं नाहीये, सर. माझं गोल होतं. याला शेपूट आलीय."

"वाढलंय ते. चांगलं सांभाळलं की असं होतं," सर म्हणाले. आवाजात अभिमान होता.

"मला नको हे." तिने कंपासपेटीतून कर्कटक काढलं, अंड्याच्या पाठीवरच्या बारीक भोकात त्याचं टोक दाबलं आणि पडदा कोरा झाला. मग त्यावर एक नवीन अंडं डुलायला लागलं. "झालं. आता परत पहिल्यापासून," ती बापाला म्हणाली आणि दोघं निघून गेले.

सर खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. भूगोलाच्या बाईंनी शिपायाला चहा आणायला पाठवलं. चित्रकलेच्या सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जीव लावला होता हो त्यांनी," असं कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, घरात मयत झाल्यावर म्हणतात तसं. सर अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. विषमज्वराने पडलेल्या मुलीची चौकशी तोवर त्या खोलीत माझ्याशिवाय कुणीही केली नव्हती.

माझं माहेर सांगलीचं. दिवाळीत मी तिकडे गेले होते. गणपतीच्या देवळाबाहेर सरांची बायको भेटली. तिला मी शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा पाहिलं होतं. बारीक, हसऱ्या चेहऱ्याची बाई. आम्ही पायरीवर बसलो. मी सरांची खुशाली विचारली.

"आहेत की," ती म्हणाली. "नवीन विकत आणलंय. तुम्हाला माहीत असेलच ते खेळणं. आंघोळीला जाताना माझ्या हातात देतात. वाजलं तर काय करायचं ते सगळं समजावून सांगतात. एकदा माझी चूक झाली, मी भलतंच बटण दाबलं, तर जेवले नाहीत."

 तीच पुढे म्हणाली, "सासूबाई वर्षभर अंथरुणावर आहेत. त्यांची औषधं कुठल्या डब्यात असतात हे ह्यांना अजून ठाऊक नाही. मी सांगत नाही असं नाही हो. पण मी वाजत नाही ना."

ती हसली. मला हसू आलं नाही. तिने मला प्रसादाचा पेढा दिला आणि सासूबाईंना पाणी द्यायची वेळ झाली म्हणून लगबगीने उठली.

दिवाळीनंतर माणची मुलगी परत आली. केस गळून विरळ झाले होते, गणवेश अंगावर लोंबत होता. गणिताच्या पहिल्याच तासाला सरांनी तिला तिच्या नंबराने उभं केलं आणि सुट्टीतला गृहपाठ विचारला. तिने सांगितलं की ती आजारी होती. पट्टी बसली. तिने मला येऊन काही सांगितलं नाही. तिची बोटं मी पाहिली. मी पुन्हा मोठ्या बाईंकडे गेले आणि या वेळी उठलेच नाही. तिला दुसऱ्या तुकडीत घालेपर्यंत मी त्यांच्यासमोर बसून राहिले. त्या वैतागल्या, पण त्यांनी सही केली. दुसऱ्या तुकडीला गणित शिकवणाऱ्या बाई साधारणच शिकवायच्या. मुलगी तिथे बरी रमली. हळूहळू वर्गात बोलायलाही लागली, आपल्याच बोलीत.

सहामाहीचे पेपर लांबले होते, ते त्या महिन्यात झाले. एका सकाळी सरांना मोठ्या दालनात पर्यवेक्षणाचं काम होतं आणि मोठ्या बाईंनी तिथे खेळणं न्यायला बंदी केली होती. मी शिक्षक-खोलीत एकटीच होते. सर माझ्या टेबलापाशी आले आणि नवीन अंडं माझ्यासमोर ठेवलं.

"बाई, पेपर संपेपर्यंत बघाल का? कालपासून त्याची तब्येत बरी नाही. वाजलं की सुईचं बटण दाबायचं, बाकी काही नाही."

"नाही, सर," मी म्हटलं.

त्यांना नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी ते माझ्याकडे आणखी सरकवलं. "काहीच त्रास नाही हो."

"त्रासाचं नाही. मला करायचं नाही."

घंटा झाली. ते तसंच टेबलावर ठेवून सर गेले. मी निबंध तपासत बसले. ते वाजलं, थांबलं, पुन्हा वाजलं. मी ते त्यांच्या खणात ठेवलं, खण लावला आणि पुढची वही उघडली.

पेपर संपल्यावर ते आले, खण उघडला आणि बराच वेळ वाकून उभे राहिले. मग म्हणाले, "तुमच्यासारखी दगडाच्या काळजाची बाई मी पाहिली नाही." त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. खडू हवा असला तरी शिपायामार्फत मागायचे. पुढच्या जूनमध्ये त्यांनी सांगलीच्या शाळेत बदली मागून घेतली. निरोप समारंभात त्यांच्या कोमल मनाबद्दल भाषणं झाली. मी मुद्दाम त्याच वेळेला माझा तास लावून घेतला होता.