सुलतान वाकडा का चालतो
"मास्तर, तुमचा सुलतान वाकडा चालतोय," मेघना मॅडम म्हणाल्या. तेही संस्थाचालक दादासाहेबांसमोर आणि माझ्या पोरांसमोर!

मानवतजवळच्या आमच्या शाळेत मी अकरा वर्षं घोडेस्वारी शिकवतोय. मॅडम घोडेस्वारीच्याच नव्या शिक्षिका, पुण्याच्या, येऊन पंधरा दिवस झालेले. पोरं त्यांच्याभोवती गुळाला मुंगळे लागावेत तशी. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात लय दुखत होतं.

अडचण मात्र खरी होती. आठवीतल्या ऋतुजाचं महिन्याभरानं स्पर्धेसाठी सिलेक्शन होतं आणि तिचा घोडा सुलतान उजवीकडं वळताना अडखळायचा.

"जनावराची खोड हाय," मी म्हणालो. "हाडातच असतंय ते."

मॅडमनी मैदानावर पांढऱ्या फक्कीची रेघ मारली. घोडा सरळ चालतो म्हणजे मागचे पाय पुढच्या पायांच्या ठशांवर पडतात. ऋतुजानं सुलतानला रेघेवरून नेलं. मागचे खूर डावीकडं पडले. घ्या, मी मनात म्हणालो, खोडच.

मग मॅडमनी ऋतुजाला उतरवलं आणि लगाम धरून घोडा रिकामाच नेला. खूर बरोबर रेघेवर!

"म्हणजे पोरगीच वाकडी बसायलीय," दादासाहेब म्हणाले. ऋतुजाचं तोंड उतरलं.

मॅडमनी अजून तिघांना बसवून बघितलं. तिघंही उजव्या कुल्ल्यावर रेललेले, डावा खांदा वर.

"असं बसायला कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई," ऋतुजा म्हणाली. "सर असेच बसतात. आमी सरांचं बघून बसतो."

पोलिसात असताना घोड्यावरून पडलो, डावा खुबा दुखावला, तेव्हापासून माझा भार उजवीकडं. आणि मी पालकांना तोऱ्यात दाखवायचो, बघा, हुबेहूब उस्तादासारखी बसतात!

मॅडमनी पोरांना रिकिबीशिवाय बसवायला सुरुवात केली. रिकीब म्हणजे पाय ठेवायची कडी. ती काढली की बॅलन्स अंगालाच सांभाळावा लागतो. पहिल्या दिवशी मी लिंबाखाली चरफडत बसलो. दुसऱ्या दिवशी गेलो.

"मॅडम, मलाबी बसवा."

"या की, मास्तर." हसल्यासुद्धा नाहीत. हसल्या असत्या तर चिडायला निमित्त तरी मिळालं असतं.

ऋतुजा सरळ बसायला लागली तसा सुलतानही रेघेवर आला आणि तिचं सिलेक्शन झालं. पहिला पेढा तिनं मॅडमच्या हातावर ठेवला. पोरं आपलं सांगणं विसरतात, बसणं मात्र उचलतात, एवढं मी शिकलो. मत्सर काही गेला नाही. अजून जळतो, फक्त आता सरळ बसून.