बाहेरच्यांसमोरची मराठी

हे सांगायचे मी बरीच वर्षे टाळले. कोणी बहिणीविषयी विचारले की, "तिने आईचे फार केले," एवढे म्हणून मी विषय बदलत असे. ते खोटे नव्हते. त्या वाक्यात मी कुठेच नव्हतो, म्हणून ते सोयीचे होते.

आमचे घर तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत. उंबऱ्याबाहेर सगळे तमिळ, आत मराठी. त्यातून आम्हा लोकांना एक सवय लागते. पाहुणा समोर बसलेला असताना त्याला कळू नये असे काही असले, की ते मराठीत बोलायचे. दूध संपले आहे. हा उठणार कधी? बाहेरच्यांसमोर मराठीत बोललेले बाहेरच्यांसाठी नसते, हे आमच्याकडे पोरांनाही शिकवावे लागत नाही.

आईला विसर पडू लागला तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीने शाळेतली नोकरी सोडली. तिने लग्न केले नव्हते. माझी बायको आधीच गेलेली, मुलगा चेन्नईला. मी निवृत्त, म्हणजे मोकळाच होतो. तरी आईला न्हाऊ घालणे, भरवणे, ती उठून रस्त्यावर निघाली की मागे धावणे, हे सगळे बहिणीकडे गेले. मी औषधे आणायचो आणि डॉक्टरांशी बोलायचो.

आई तिला ओळखत नसे. मला जवळ बोलावून म्हणे, "ही बाई कोण रे? जेवायला घाल आणि पाठवून दे. तिची माणसं वाट बघत असतील."

"पाठव रे अण्णा," बहीण आतून म्हणे, "मी पिशवी भरूनच ठेवली आहे."

आम्ही हसायचो. मी जरा जास्त.

एके दिवशी सकाळी विद्यापीठातली एक मुलगी आली. घरी आजारी माणसाचे करणाऱ्यांच्या मनाचे काय होते, यावर ती संशोधन करत होती. बसल्या बसल्या तिने सांगून टाकले की ज्यांना फार ताण आहे त्यांच्या घरी आठवड्यातून काही वेळ मदतीला बाई पाठवता येते, आणि मन मोकळे करायला समुपदेशकही आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, मी यांच्याशी एकटीने बोलले तर चालेल का?"

"आमच्या घरात लपवण्यासारखे काही नाही," मी म्हणालो आणि खुर्ची पुढे ओढली.

प्रश्न तमिळमध्ये होते, उत्तरेही.

"अक्का, झोप लागते का?"

"आई झोपली की."

"जेवण वेळेवर होतं?"

"आई जेवली की."

"आणि स्वतःसाठी काय करता?"

"शिंकते. तेवढं आईला विचारावं लागत नाही."

मुलगी हसली. मग तिने विचारले, "मनात फार दाटून आलं तर कोणाला सांगता?"

बहिणीने हनुवटीने माझ्याकडे दाखवले. मग माझ्याकडेच बघत मराठीत म्हणाली, "अण्णा, सकाळी जाग आली की मला वाटतं, आज आई उठली नाही तर बरं. मग दिवसभर मला माझीच भीती वाटते. माझ्यानं होत नाही रे."

मुलीने मला विचारले, "काय म्हणाल्या?"

"तुम्हाला कॉफी करू का, विचारते आहे."

बहीण मुलांना तमिळ शिकवत असे. माझ्यापेक्षा तिचे तमिळ कितीतरी चांगले. एका वाक्यात ती मला खोटा पाडू शकली असती. तिने माझ्याकडे पाहिले, मग मुलीकडे वळून म्हणाली, "हो. साखर किती घालू?" आणि आत गेली.

मुलगी कॉफी प्यायली, तिने ती वाखाणली. "अक्का, तुम्ही फार खंबीर आहात," असे म्हणून निघून गेली.

मला वाटले, मी घराची अब्रू राखली. लेकीला आई नकोशी झाली, हे परक्या मुलीने का लिहून न्यावे? मराठीत बोलली, म्हणजे ते माझ्यापुरतेच होते, अशी मी मनाची समजूत घातली. माझ्यापुरते तर होतेच. पण मुलगी गेल्यावर मी बहिणीला काय विचारले? काही नाही. पेपर उघडला.

त्या दिवसापासून बहीण माझ्याशी तमिळमध्ये बोलू लागली. भांडण नाही, रुसवा नाही. जेवायला या, औषध संपले आहे, पंखा बंद करा. आईशी मराठी, माझ्याशी शेजाऱ्याशी बोलावे तसे अदबशीर तमिळ. मी मराठीत विचारायचो, ती तमिळमध्ये उत्तर द्यायची.

मदतीची बाई आमच्या गल्लीत आली, पण दोन घरे सोडून. तिथल्या मामी मग संध्याकाळी गजरा माळून देवळात जाऊ लागल्या. बहीण खिडकीतून त्यांना बघायची. तेव्हाही त्या मुलीला निरोप पाठवता आला असता.

आई गेली. त्यानंतर बहीण बराच काळ नुसती ओट्यावर बसून असे. गेल्या वर्षी तिला इस्पितळात न्यावे लागले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले तेव्हा मी ठरवले की आज बोलायचे. जिना चढताना शब्द जुळवले. खाटेजवळ बसलो. तिने डोळे उघडले.

"कॉफी आणू का?" माझ्या तोंडून निघाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. "वेण्डाम्," म्हणाली. नको.

दोन दिवसांनी ती गेली.

हे ज्या लिपीत लिहितो आहे ती आजोबांनी मला शिकवली. आज आमच्या घरात ती कोणालाही वाचता येत नाही. म्हणजे पुन्हा मी तेच केले. तरी जिन्यावर जुळवले होते ते इथे लिहितो: बाळ, त्या सकाळी तू काय म्हणालीस ते मला नीट कळले होते. मी ऐकले होते, गे. चुकलो मी.