टू-स्ट्रोकचा हात

लग्न होऊन मी नांदेडहून लातूरला आले, तेव्हा घराच्या मागच्या पडवीत एक मोटारसायकल उभी होती. तिला दिवा नव्हता, आरसे नव्हते आणि टायरांना जाड जाड रबरी गुट्ट्या होत्या. आमचे हे मातीवरच्या शर्यतीत गाडी पळवतात, हे बघण्याच्या कार्यक्रमात कुणी बोललं नव्हतं. पाइप-फिटिंगचं दुकान आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, एवढंच सांगितलं होतं.

गाडी जुनी, शंभर सीसीची टू-स्ट्रोक. तिच्या पिस्टनसाठी वेगळं ऑइल नसतं, ते पेट्रोलमध्येच मोजून मिसळावं लागतं. कमी पडलं तर इंजिन जाम, जास्त झालं तर प्लग काळा. यांचा हात घाईचा, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. मी स्वयंपाकघरातला जुना मापाचा पेला त्यासाठी बाजूला काढला. शर्यतीच्या सकाळी पडवीत बसून कॅन हलवताना पदराला जो वास लागायचा, तो धुऊनही जात नसे. सासूबाई नाक मुरडायच्या. मला मात्र तो आवडायचा. नव्या घरात माझ्या हातचं, माझ्यावाचून अडणारं असं ते पहिलं काम होतं.

गाडी तयार करायचे ते नांदेडचे मिस्त्री. वयानं आमच्यापेक्षा मोठे, वडिलांपासून गॅरेज चालवणारे. मी त्यांच्या गावची म्हणून मला ताई म्हणायचे. शर्यत नांदेडच्या बाजूला असो की औशाच्या रस्त्याला, टेम्पोत गाडी चढवली की मिस्त्री तिच्याजवळ मागंच बसून यायचे.

हे मैदानावर कसे पळायचे ते मला आवाजावरून कळे. टू-स्ट्रोकला खाली, म्हणजे कमी वेगात, जोर नसतो. वळणातून बाहेर निघताना ती रडकी वाटते, आणि मग एकदम असं काही पकडते की पुढचं चाक उचलतं. तो एकदम येणारा जोर ह्यांना फार प्रिय. घरी चार शब्दांच्या वर न बोलणारा हा माणूस त्याबद्दल मात्र जेवण थंड होईपर्यंत बोलायचा. उडीवरून गाडी हवेत गेली की हे गॅस सोडून द्यायचे. हलकी गाडी, ती तरंगल्यासारखी खाली यायची.

मग एकेक वर्ष टू-स्ट्रोकवाले कमी होत गेले. नव्या पोरांकडं फोर-स्ट्रोक होत्या, दीडशे-दोनशे सीसीच्या. त्या जड, पण खालपासून ओढणाऱ्या. चिखलात टू-स्ट्रोक जागेवर चाक फिरवत बसे आणि ह्या शांतपणे पुढं निघून जात. नायगावकडच्या एका शर्यतीत आमच्या गटात तीनच गाड्या आल्या. त्याच्या पुढच्या खेपेला संयोजकांनी गटच बंद केला आणि यायचं तर फोर-स्ट्रोकमध्ये उतरा म्हणून सांगितलं.

मिस्त्रींना ते पटलं नव्हतं. आमच्या पडवीत चहा घेताना त्यांनी यांना सरळ सांगितलं.

"भाऊ, तुमचा हात टू-स्ट्रोकचा हाय. हिचा गॅस सोडला तरी ही पळतच राहती. त्या गाडीचा सोडला की इंजिन मागचं चाक धरून ठेवतंय. जमिनीवर ठीक हाय, हवेत न्हाई."

हे म्हणाले, सवय होईल.

फोर-स्ट्रोक आली. तिचं ऑइल इंजिनातच भरलेलं असे, पेट्रोल पंपावरून थेट टाकीत. माझा पेला परत स्वयंपाकघरात गेला. यांनी सवय करायला खरंच कष्ट घेतले. रोज पहाटे दुकानाआधी शहराबाहेरच्या माळावर जायचे. एकदा मी विचारलं, कशी आहे? म्हणाले, "चांगली आहे. माझं ऐकती. पण मला काही सांगत न्हाई."

कंधारच्या पुढं एका मैदानात शर्यत होती. आम्ही तिघं गेलो. पहिले फेरे हे चांगले पळाले. मी दोराजवळ उभी होते, पण त्या गाड्यांच्या एकसारख्या घुमण्यातून यांची गाडी मला ओळखू येत नव्हती. मोठ्या उडीवर पुढचा गडी आडवा झालेला दिसला आणि यांनी हवेतच गॅस सोडला. हात सवयीनं सुटला असणार. गाडीचं नाक खाली गेलं. हे हँडलवरून पुढं फेकले गेले आणि उजव्या खांद्यावर पडले.

हाड मोडलं नव्हतं, म्हणून आधी सगळ्यांना हायसं वाटलं. पण हात उचलेना. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की मानेतून हातात जाणाऱ्या नसा मुळापासून ओढल्या गेल्या आहेत. हैदराबादला ऑपरेशन झालं. कोपर थोडं वाकायला लागलं. बोटं तशीच राहिली, थंड, दुसऱ्या कुणाची असावीत तशी.

मिस्त्रींनी हार मानली नाही. त्यांनी जुन्या टू-स्ट्रोकचा गॅस डाव्या बाजूला घेतला, क्लचही तिथंच बोटांशी बसवला आणि पुढचा ब्रेक काढून टाकला. किती दिवस खपले असतील कोण जाणे. माळावर नेऊन आम्ही दोघांनी यांना गाडीवर बसवलं आणि उजवा हात पट्ट्यानं छातीशी बांधला. हे निघाले. पहिल्या गिअरमध्ये एक चक्कर मारली. मग जोर जिथं एकदम येतो तिथं गाडी आली, आणि एका हातानं हँडल धरवेना. पडले नाहीत. थांबले, पाय टेकले, गाडी बंद केली.

मिस्त्री धावत गेले. अजून थोडं बदलू म्हणाले, कार्ब्युरेटरचं जेट बारीक करू, जोर खाली आणू.

"मग ती टू-स्ट्रोक कशाला राहील, मिस्त्री?" हे म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यामुळंच मला जास्त भीती वाटली.

त्यानंतर यांनी पडवीत जाणं सोडलं. फोर-स्ट्रोक त्या पडण्यात भंगारच झाली होती, ती मिस्त्रींनी नेली. गेल्या उन्हाळ्यात टू-स्ट्रोकसाठी ते पुन्हा आले. उदगीरच्या एका व्यापाऱ्याला जुन्या गाड्यांचा शौक होता. यांनी एवढंच विचारलं की तो पळवणार आहे का. मिस्त्री खाली बघत म्हणाले, "न्हाई भाऊ. पॉलिश करून बैठकीत ठेवणार हाय." यांनी मान डोलावली आणि आत जाऊन पंखा लावून बसले.

मिस्त्री आता बॅटरीच्या स्कूटर दुरुस्त करतात. फोन करतात, पण तो मीच घेते.

बोटांचे व्यायाम रोज करायला सांगितले होते. सकाळ-संध्याकाळ मी यांची बोटं एकेक करून उघडायची आणि मिटायची. पहिल्या वर्षी हे डोळे लावून बघायचे, हललं का, हललं का. मग वर्तमानपत्र वाचू लागले. मग एके दिवशी मी तेलाची वाटी घेऊन बसले, तर म्हणाले राहू दे आज. दुसऱ्या दिवशी मीच बसले नाही. त्यांनीही विचारलं नाही.