दवाखान्यातली साडी

नव्वद सालानंतरची गोष्ट. माझी सून पाथर्डीच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिसगावहून सकाळच्या एसटीनं जायची, दिवेलागणीच्या आधी परत यायची. नातू दीड वर्षांचा, अजून अंगावर पिणारा. दिवसभर माझ्याकडे. आई दिसली की तिच्या पांढऱ्या साडीला मिठी मारायला धावायचा आणि ती हात वर करून मागं सरायची.

"शिवू नको रे, शिवू नको मला!"

पोरगं जमिनीवर लोळून रडायचं. शेजारीण भिंतीवरून डोकावायची. "तुमच्या सूनबाईचं सोवळं लई कडक हाय बाई."

मला ते झोंबायचं. माझ्या सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून 'शिवू नको' हा शब्द आमच्या घरात कुणी काढला नव्हता. बाहेर तो मी पुष्कळ ऐकलेला, विहिरीवर आणि शाळेतही. मी सुनेला सुनावलं, "या घरात 'शिवू नको' चालायचं न्हाई."

"आत्या, दिवसभर पुवाच्या जखमा धुते. पदराला काय काय लागतं. ह्याला बाधलं तर?"

"मला तर काय दिसत न्हाई."

"दिसलं असतं तर तिथंच धुतलं असतं."

"आमच्या अंगावर तरी काय दिसत हुतं? तरी लांब सारायचेच ना?"

"मी काय कायमचं म्हणते का? ही साडी सोडूस्तोवर."

"मग तिथंच बदलून ये."

"तिथं आडोसा कुठंय, आत्या?"

मला ते नखरेच वाटले. मग एक दिवस एसटी उशिरा आली. पोर भुकेनं कळवळत होतं. ती दारातच थांबली. ब्लाऊज दुधानं भिजलेला, डोळ्यांत पाणी, तरी तिनं त्याला घेतलं नाही. नखरे करणारी बाई एवढं सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरामागं चार बांबू रोवले, तरटं बांधली, न्हाणी केली. पाणी टँकरचं, पण माझी अंघोळ मी दिवसाआड केली आणि तिची बादली रोज भरून ठेवली. ती मागच्या बोळातून यायची, साडी सोडून पातेल्यात टाकायची, अंघोळ करून पातळ नेसून बाहेर यायची. तो शब्द पुन्हा काढायची वेळच आली नाही.

पोराची समजूत झाली की आई न्हाणीतच राहते. शेजारीण दुपारी मुद्दाम विचारायची, "आई कुठं हाय रं तुजी?" तो न्हाणीकडं बोट दाखवायचा, शिवाय आत जाऊन बादलीत बघून यायचा.

आता तो दाढी करतो आणि घरात नळ आलाय. त्या संध्याकाळी मात्र मला आठवतात. ती ओल्या केसांनी दगडावर बसून त्याला पाजायची. मी शेजारी चुलीवर तिची साडी सोड्यात उकळत, काठीनं ढवळत असायचे.

"आत्या, जरा तिकडं सरका. सगळा धूर पोराच्या डोळ्यात जातोय."

"मग तू ढवळ, मी पाजते," मी म्हणायचे.