माझी मान आणि बाबांचा पाना

मी पिलाटीज शिकायला गेले आणि माझ्या वडिलांना, निवृत्तीनंतर तीन वर्षांनी, पुन्हा काम लागलं.

माझं काम घरूनच चालतं. दिवसभर लॅपटॉपवर वाकून बसायचं आणि संध्याकाळी मान वळत नाही म्हणून अख्खं अंग वळवायचं! डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. फिरायला जाता आलं असतं. पण बुलढाण्यात एकट्या मुलीने फिरायला जाणं म्हणजे दर दोनशे पावलांवर तोंडी परीक्षा. "कोनाची व्हय तू?" "कुठीसा चालली?" "लग्नाचं जमलं का नाई?" मी इंग्रजी शाळेत शिकले, म्हणजे मला तीन भाषांत गप्प बसता येतं. पण लोकांना तेवढं उत्तर पुरत नाही.

अशात फोनवर पिलाटीजचा एक फोटो दिसला. मोठी शांत खोली, लाकडी जमीन आणि मधोमध एकटी बाई. खाली लिहिलं होतं, शरीर आणि मन दोन्हींसाठी. मला त्यातली खोली आवडली. दिवसातला एकच तास हवा होता, पण असा, की मी कोणाची कोण हे तिथे कुणालाही ठाऊक नसेल.

स्टुडिओ कसा निवडावा याचे सल्लेही वाचले. शिकवणारी कुठे शिकली ते विचारा, बॅच केवढी ते विचारा, साधनं नीट आहेत का बघा, आधी एक तास करून पाहा. मी सगळे प्रश्न वहीत उतरवले. ते विचारणार कोण, एवढाच प्रश्न राहिला. गावात पिलाटीजच्या दोनच पाट्या होत्या. दोघांना मेसेज पाठवायला मला तीन दिवस लागले (त्यातले दोन 'हाय' लिहावं की 'हॅलो' यात गेले).

चौथ्या दिवशी मी बाबांकडे गाडीची किल्ली मागितली, आणि तिथेच चुकले.

"कुठीसा?"

"व्यायामाचा क्लास बघायला."

"मशीन हाये तिथं?"

"एका ठिकाणी आहे म्हणे. स्प्रिंगचं."

बाबांनी पेपर खाली ठेवला. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर घरातला पंखा, मिक्सर आणि शेजाऱ्यांचं फाटक अशी सगळी कामं संपवून ते गेले सहा महिने रिकामे होते.

"मंग मी येतो. स्प्रिंगची वस्तू खालून पाह्यल्याशिवाय घ्याची नस्ते."

"बाबा, विकत नाही घ्यायची. त्यावर झोपायचं असतं."

"मंग तं पाह्यलीच पाह्यजे!"

आतून आई ओरडली, "थांबा हो, मी साडी बदलते!"

पहिल्या ठिकाणी पाटीवर पिलाटीज होतं आणि प्रत्यक्षात झुंबा. गच्चीवर पंचवीस बायका कर्कश गाण्यावर उड्या मारत होत्या. त्यातल्या सहा आईच्या ओळखीच्या, दर रविवारी विहारात भेटणाऱ्या!

"जय भीम, वयनी! पोट्टीले काऊन आणलं? काय झालं तिले?"

"मान धरली हो तिची."

गाणं बंद करून माझी मान सर्वांना दाखवण्यात आली. दोघींनी ती वळवूनही पाहिली. बॅच केवढी आहे, हा प्रश्न मी वहीतच खोडला.

दुसरी जागा एका हार्डवेअरच्या दुकानावर होती. जिना चढून गेलो आणि मला तो फोटोच दिसला! शांत खोली, पांढऱ्या भिंती, शिकायला येणाऱ्या फक्त दोन बायका, दोघीही अनोळखी. शिकवणाऱ्या ऋचा मॅडम लग्न होऊन पुण्याहून आलेल्या, त्यामुळे त्या गावात कुणालाच ओळखत नव्हत्या. याहून चांगली पात्रता मला सुचली नसती. खोलीच्या मधोमध ते मशीन होतं, रिफॉर्मर. पलंगासारखी लांब चौकट, तिच्यात चाकांवर सरकणारी गादी आणि गादीला ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा. गादीवर झोपायचं, पायांनी ढकलून दूर जायचं आणि हळूहळू परत यायचं.

मी वही उघडली, घसा साफ केला आणि पाहते तर बाबा गायब. त्यांचे फक्त पाय दिसत होते. बाकीचे बाबा मशीनखाली होते.

"मॅडम," खालून आवाज आला, "याले ग्रीस कधी देल्लं होतं?"

"ग्रीस?" मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी वहीकडे बघायला लागले.

"उजवीकडचं चाक मेलं हाये. अन् एक स्प्रिंग ढिली. असंच चालवून राह्यले का तुम्ही?"

"काका, मला वाटलं ते असंच असतं..."

साधनं नीट आहेत का, हा प्रश्न अशा रीतीने विचारून झाला.

मॅडमनी घाईघाईने विषय बदलला. "काकू, तोपर्यंत तुम्ही मॅटवर पडा. डोळे मिटा. लक्ष फक्त श्वासावर ठेवा."

"हे तं आम्ही विहारात करतोच," म्हणत आई आडवी झाली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आई हललीसुद्धा नाही. मॅडम भारावून त्या दोन बायकांना कुजबुजत म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात मनावरचा ताबा!" आणि तेवढ्यात आई घोरायला लागली.

बाबा खाली दुकानात जाऊन पाना आणि ग्रीस घेऊन आले. अर्ध्या तासाने हात पुसत म्हणाले, "झोप आता याच्यावर."

मी झोपले. मॅडम म्हणाल्या, "हलकेच ढकल." मी हलकेच ढकललं. गादी जी सुटली, ती मला घेऊन सप्पकन पलीकडच्या टोकाला गेली, धडकली आणि तितक्याच वेगाने परत आली! माझी वही कुठल्या कुठे उडाली.

"पाह्यलं?" बाबा प्रसन्न होते. "पहिले अडकत होतं."

"काका, किती स्मूद झालंय!" मॅडमही प्रसन्न होत्या. "तुम्ही रोज याल का हिच्यासोबत?"

मला कुणीच काही विचारलं नाही.

त्यानंतर बाबा रोज आले. कोपऱ्यात खुर्ची टाकून, मांडीवर पाना ठेवून बसायचे. मी पाय सरळ केले की म्हणायचे, "हळू सोड. क्लच सोडतो तसा सोड." मॅडमना हे इतकं पटलं, की त्या इतर बायकांनाही "क्लच सोडा, क्लच सोडा" म्हणायला लागल्या. त्या बायकांना गाडी चालवता येत नव्हती. मग बाबांनी त्यांना आधी क्लच म्हणजे काय ते समजावलं. आईने मधल्या वेळात माझं शिक्षण, माझं वय आणि लहानपणी मी भुईमुगाचा दाणा नाकात घातला होता ती गोष्ट त्यांच्या कानावर घातली. पंधरा दिवसांत माझी मान वळायला लागली; पण वळवून बघावं तिकडे घरचंच माणूस!

शेवटी मी ठरवलं. बोलायचं. चार दिवस आरशासमोर सराव केला आणि पाचव्या दिवशी जेवताना, भाकरीकडे बघत म्हणाले, "बाबा, उद्यापासून मी एकटी जाईन."

घास बाबांच्या हातात राहिला. आईने आधी माझ्याकडे आणि मग बाबांकडे पाहिलं.

"काऊन वं?" बाबांनी विचारलं.

"मला... तिथे एकटं असायला आवडेल."

"मंग पहिल्या दिवशीच काऊन नाही सांगतलं? मले वाटे तुले तिथं बोलाची लाज वाटते, म्हून येऊन राह्यलो होतो! त्या खुर्चीवर बसून बसून माही कंबर धरली!"

वीस दिवस आम्ही बापलेक एकमेकांसाठी सहन करत होतो! मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. पण निर्णय मी बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. त्या दोन बायका लग्नाला मेहकरला गेल्या होत्या. रिकामी खोली, शांतता, कोपऱ्यातली खुर्ची मोकळी. रस्त्याने एकटी जायचं म्हणून टी-शर्टवर ओढणी घेतली होती. "ती काढून ठेव ना," मॅडम म्हणाल्या. "असू द्या," मी म्हणाले. एका दिवसात माणसाने किती धीट व्हावं! मी झोपले, दोन्ही पाय वर करून मशीनच्या दोऱ्यांना लावलेल्या पट्ट्यांत अडकवले, डोळे मिटले आणि ढकललं. आहाहा! शरीर आणि मन, दोन्ही. तिसऱ्या फेरीला मानेखाली काहीतरी ओढल्यासारखं झालं आणि गादी जागच्या जागी थांबली. ओढणीचं टोक चाकात गेलं होतं.

मॅडमनी ओढली. ती आणखी आत गेली. पाय खाली घ्यावेत तर मान ओढली जाते, मान सोडवावी तर पट्ट्या सुटत नाहीत.

"काकांना फोन करू?"

"नको!" मी म्हणाले. पाय छताकडे असले तरी तास माझा होता.

"कात्रीने कापू?"

"नको, आईची आहे."

मॅडमनी दोन मिनिटं आणखी ओढून पाहिलं. मग पायांना मुंग्या आल्या आणि मी म्हणाले, "लावा."

फोन स्पीकरवर होता. "आवाज कसा येऊन राह्यला? कट्कट् का घर्रर्र?" बाबांनी विचारलं. मॅडमनी गादी हलवून आवाज ऐकवला. "हाव, चाक उघडा लागते. येऊ का मंग मी?" आणि जरा थांबून, फार जपून, "का तुले एकटीलेच आवडन?"

"लवकर या!" मी इतक्या मोठ्याने ओरडले, की बाबांच्या आधी खालचे दुकानदार, त्यांची चार गिऱ्हाइकं आणि समोरच्या रसवंतीच्या काकू धावत वर आल्या. चारचौघांत मी माझं नावसुद्धा पुटपुटतच सांगते. पण त्या दिवशी मी पाय वर टांगलेल्या अवस्थेत सहाही जणांना, कुणी विचारायच्या आत, मी कोणाची मुलगी ते ठणठणीत आवाजात सांगून टाकलं. बाबा आले की 'तुम्ही कोण?' म्हणून त्यांना कुणी जिन्यात अडवायला नको!